सी ड्राइव्ह लहान करून दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी सुरक्षितपणे जागा कशी काढावी

विंडोज असलेल्या संगणकावर लिनक्सही बसवायचे असेल, तर त्यासाठी नवी डिस्क क्वचितच घेतली जाते. आहे त्याच डिस्कवर विंडोजने व्यापलेल्या जागेतून थोडी जागा मोकळी करून घ्यावी लागते. इन्स्टॉलरच्या पडद्यावर हे काम एक पट्टी माउसने डावीकडे सरकवण्याइतके सोपे दिसते आणि बहुतेक वेळा ते तितक्याच सहजपणे पारही पडते. जेव्हा ते बिघडते, तेव्हा मात्र त्या पट्टीच्या आत कित्येक वर्षांचे फोटो, हिशेब आणि कागदपत्रे असतात. अशा प्रसंगी दोष पार्टिशन, म्हणजे डिस्कचा आखून वेगळा केलेला भाग, लहान करणाऱ्या प्रोग्रॅमचा फार कमी वेळा असतो; डिस्क त्या कामासाठी तयार नसताना ते हाती घेतलेले असते, असेच बहुतेकदा आढळते. म्हणून या लेखात प्रत्यक्ष कृतीपेक्षा तयारीलाच जास्त जागा दिली आहे.

एकाच पार्टिशनच्या दोन नोंदी

डिस्क म्हणजे एकसारख्या आकाराच्या सेक्टरांची लांबच लांब रांग असते आणि त्यातील प्रत्येक सेक्टरला क्रमांक असतो. अमुक पार्टिशन या क्रमांकापासून त्या क्रमांकापर्यंत, एवढीच माहिती पार्टिशन टेबलमध्ये लिहिलेली असते. जुन्या एमबीआर पद्धतीत हे टेबल डिस्कच्या पहिल्याच ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये असते आणि त्याच्या वाट्याला जेमतेम ६४ बाइट येतात, म्हणजे प्रत्येकी १६ बाइटच्या चार नोंदी. आजच्या बहुतेक संगणकांवर जी जीपीटी पद्धत असते, तिच्यात सहसा १२८ नोंदींची सोय असते, टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी राखलेली असते आणि टेबल बिघडले असल्यास ते ओळखता यावे म्हणून चेकसम नावाचा पडताळणीचा आकडाही लिहिलेला असतो.

पार्टिशनच्या आत फाइल सिस्टीम असते: विंडोजची एनटीएफएस, लिनक्सवर बहुधा ईएक्सटी४. कोणती फाइल कुठे ठेवली आहे, कोणती जागा रिकामी आहे आणि आपल्या ताब्यात एकूण किती जागा आहे, याचा हिशेब ती स्वतः ठेवते. म्हणजे एकाच पार्टिशनचा आकार दोन ठिकाणी लिहिलेला असतो, एकदा टेबलमध्ये आणि एकदा फाइल सिस्टीमच्या आत, आणि या दोन नोंदींचा मेळ कायम राहिला पाहिजे. पार्टिशन लहान करताना आधी त्याच्या शेवटच्या भागातल्या फाइली त्याच्या अलीकडच्या रिकाम्या जागेत हलवाव्या लागतात, मग फाइल सिस्टीमने आपला आकार कमी करून घ्यावा लागतो आणि सर्वांत शेवटी टेबलमधला शेवटचा क्रमांक बदलावा लागतो. मोठे करताना हाच क्रम उलटा होतो: आधी टेबल, मग फाइल सिस्टीम.

लहान करताना हा क्रम चुकला, म्हणजे आधी टेबलमधली हद्दच अलीकडे ओढली, तर फाइल सिस्टीम आपल्याच समजुतीत जुन्या हद्दीपर्यंत मालकी सांगत राहते आणि त्याच जागेवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम आपले पार्टिशन फॉरमॅट करते. तिथे ज्या फाइली होत्या त्यांच्यावर नवे काही लिहिले गेले की त्या कायमच्या गेल्या. विंडोजचे डिस्क मॅनेजमेंट किंवा लिनक्सचे जीपार्टेड ही साधने हा क्रम स्वतःच पाळतात, त्यामुळे साध्या वापरकर्त्याला त्याची चिंता करावी लागत नाही. टेबल हाताने बदलणारे एफडिस्कसारखे प्रोग्रॅम मात्र फाइल सिस्टीमकडे पाहतही नाहीत. त्यांच्या मदतीने पार्टिशन लहान करण्याच्या सूचना कुठे वाचायला मिळाल्या, तर त्या बाजूला ठेवाव्यात हे उत्तम.

तयारी: बॅकअप, डिस्कची प्रकृती आणि खरे शट डाउन

बॅकअप दुसऱ्या डिस्कवर असला पाहिजे. हे उघड वाटते, पण डी ड्राइव्हवर ठेवलेली प्रत अनेकांना पुरेशी वाटते आणि सी व डी ही बहुतेक लॅपटॉपमध्ये एकाच डिस्कची दोन पार्टिशने असतात, हे लक्षात येत नाही. टेबल बिघडले तर दोन्ही एकदमच दिसेनाशी होतात. प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, ती डिस्क काढून शक्यतो दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि चार-दोन फाइली खरोखर उघडतात का ते पाहावे. संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घेता आली तर अधिकच चांगले, कारण मग विंडोज पुन्हा बसवण्याचा खटाटोपही वाचतो. परंतु ते जमत नसेल तर निदान स्वतःच्या फाइली तरी सुटता कामा नयेत. विंडोज सुरूच झाली नाही तर दुरुस्तीसाठी लागणारा रिकव्हरी पेन ड्राइव्हही याच वेळी तयार करून ठेवावा, कारण संगणक बंद पडल्यावर तो तयार करायला दुसरा संगणक शोधावा लागतो.

एसएसडी असेल तर बॅकअपचे महत्त्व आणखी वाढते. जुन्या फिरत्या डिस्कवर चुकीचे पार्टिशन फॉरमॅट झाले तरी त्यातला बराच मजकूर जागेवरच पडून असायचा आणि शोधून काढता यायचा. एसएसडीवर फॉरमॅट करताना ‘ही जागा आता वापरात नाही’ असा ट्रिम नावाचा निरोप डिस्कला दिला जातो. ईएक्सटी४ तयार करणारा प्रोग्रॅम तो आपणहून देतो. त्यानंतर डिस्क ती जागा स्वतःच पुसून टाकते आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रोग्रॅमांना सहसा काहीच सापडत नाही.

पुढची पायरी डिस्कची प्रकृती तपासण्याची. सी ड्राइव्हवर विंडोजची चेकडिस्क तपासणी चालवून फाइल सिस्टीममधल्या चुका आधी दुरुस्त करून घ्याव्यात आणि डिस्क स्वतःविषयी जी स्मार्ट माहिती नोंदवत असते ती पाहावी. खराब सेक्टरांची संख्या वाढत असेल, तर अशा डिस्कवर पार्टिशनचे काम हाती घेऊच नये. तिच्यातला डेटा बाहेर काढणे हे तेव्हाचे एकमेव काम. लॅपटॉप असेल तर चार्जर जोडलेला असावा आणि काम संपेपर्यंत तो तसाच राहावा.

आता ज्या गोष्टीमुळे सर्वांत जास्त नुकसान होते तिच्याकडे वळू. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती चालू असताना ‘शट डाउन’ निवडले, तर संगणक पूर्णपणे बंद होत नाही. विंडोजचा गाभा त्या क्षणी ज्या अवस्थेत असेल ती अवस्था डिस्कवरच्या एका मोठ्या फाइलमध्ये साठवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. त्या साठवलेल्या अवस्थेत सी ड्राइव्हच्या रचनेची माहितीही असते. मधल्या काळात लिनक्सने त्या ड्राइव्हवर काही लिहिले किंवा त्याचा आकार बदलला, तर विंडोज जागी होते ती जुन्या माहितीनिशी आणि त्याच माहितीच्या आधारे लिहायला लागते. फाइल सिस्टीम खराब होण्याचा याहून सरळ मार्ग नाही. लिनक्सची साधने अशा अवस्थेतला ड्राइव्ह ओळखतात आणि सहसा त्याला हात लावायला नकार देतात किंवा तो फक्त वाचण्यापुरता उघडतात. हा नकार मिळाला की सक्ती करण्याचे पर्याय शोधू नयेत. विंडोजमध्ये परत जाऊन पॉवरच्या सेटिंगमधून फास्ट स्टार्टअप बंद करावे. ‘रीस्टार्ट’ निवडल्यास विंडोज खरोखर पूर्ण बंद होऊन सुरू होते आणि शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ केल्यासही पूर्ण बंद होते, हे लक्षात ठेवावे. दोन ऑपरेटिंग सिस्टीम कायम एकाच डिस्कवर राहणार असतील, तर फास्ट स्टार्टअप कायमचेच बंद ठेवावे. त्यामुळे सुरू होण्याचा वेळ थोडा वाढतो आणि त्याच्या बदल्यात मिळणारी सुरक्षितता फार मोठी असते.

एन्क्रिप्शनचेही असेच आहे. विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन केल्यावर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे तिच्यातला डेटा कीशिवाय वाचता येत नाही, आणि वापरकर्त्याला त्याची कल्पनाही नसते. संगणक सुरू होण्याची पद्धत बदलली, उदाहरणार्थ सिक्युअर बूटचे (फक्त खात्रीचेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारे) सेटिंग बदलले, की बिटलॉकर ही विंडोजची एन्क्रिप्शनची सोय ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते, आणि ती हाताशी नसेल तर स्वतःचाच डेटा स्वतःला मिळत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी ही की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून शोधून कागदावर उतरवून घ्यावी. बिटलॉकर ‘सस्पेंड’ करणे आणि ‘बंद’ करणे यांत फरक आहे: सस्पेंड केल्याने डेटा एन्क्रिप्टच राहतो, फक्त कुलपाची तपासणी तात्पुरती थांबते, बंद केल्यावर सगळा डेटा उलगडला जातो आणि त्याला बराच वेळ लागू शकतो. विंडोजचे स्वतःचे साधन एन्क्रिप्ट केलेले पार्टिशन लहान करू शकते, लिनक्सच्या बाजूने मात्र ते करता येत नाही, आणि काही लिनक्स इन्स्टॉलर बिटलॉकर दिसताच ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ हा सोपा पर्याय देत नाहीत.

विंडोजचे पार्टिशन विंडोजकडूनच लहान करून घ्यावे

लिनक्सच्या इन्स्टॉलरलाही एनटीएफएस लहान करता येते आणि ते बहुधा नीटच होते. तरीही माझा ठाम सल्ला असा आहे, की ज्या फाइल सिस्टीमचा आकार बदलायचा आहे ती ज्या ऑपरेटिंग सिस्टीमची आहे, तिच्याच साधनाने तो बदलावा. विंडोजला आपल्या फाइलींची रचना आतून माहीत असते, बिटलॉकर तिला आड येत नाही, आणि काही बिघडलेच तर ते इन्स्टॉलेशनच्या गोंधळात मिसळत नाही.

डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर आधी संपूर्ण पडद्याचा फोटो मोबाइलवर काढून ठेवावा. कोणते पार्टिशन किती मोठे आणि कितव्या क्रमांकावर होते, हे पुढे ओळखायला तो उपयोगी पडतो. नव्या संगणकावर साधारणपणे सुरुवातीला १०० एमबीच्या आसपासचे ईएफआय पार्टिशन (यात संगणक सुरू करण्याच्या फाइली असतात), त्यानंतर १६ एमबीचे राखीव पार्टिशन जे या पडद्यावर दिसतच नाही, मग सी ड्राइव्ह आणि शेवटी काहीशे एमबीचे रिकव्हरी पार्टिशन असते. लहान दिसतात म्हणून यांपैकी कोणतेही काढून टाकू नये.

सी ड्राइव्हवर उजवी क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडले की चार आकडे असलेली चौकट येते: सध्याचा एकूण आकार, किती जागा काढता येईल, किती काढायची आणि काढल्यावर किती उरेल. आपल्याला फक्त तिसरा आकडा लिहायचा असतो, तो एमबीमध्ये असतो आणि तो काढायच्या जागेचा असतो, उरायच्या जागेचा नव्हे. इथे अनेकांची गल्लत होते. १०० जीबी हवे असतील तर १०० गुणिले १०२४, म्हणजे १०२४०० लिहावे आणि चौथा आकडा अपेक्षेप्रमाणे बदलला आहे का ते पाहूनच बटण दाबावे. हीच जागा लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये कदाचित १०७ जीबी दिसेल, कारण विंडोज १०२४ च्या पटीत मोजते आणि अनेक लिनक्स इन्स्टॉलर १००० च्या पटीत मोजतात. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते तीही याच कारणामुळे. आकारावरून पार्टिशन ओळखताना हा फरक माहीत नसेल, तर माणूस चुकीच्या ओळीवर बोट ठेवतो.

किती जागा द्यावी? उबुंटूसारख्या लिनक्ससाठी २५ जीबी ही किमान गरज समजली जाते, पण नियमित वापरासाठी ५० ते १०० जीबी असतील तर पुढे ओढाताण होत नाही. विंडोजकडे मोठे अपडेट घेण्याइतकी मोकळी जागा उरली पाहिजे; सी ड्राइव्हचा पाचवा भाग तरी रिकामा राहील असा बेत करावा.

पुष्कळदा असे होते, की सी ड्राइव्हमध्ये ३०० जीबी रिकामे असतात आणि चौकट मात्र १५ जीबीच काढता येतील असे सांगते. रिकामी जागा सलग असतेच असे नाही, आणि विंडोज चालू असताना काही फाइली तिला जागेवरून हलवता येत नाहीत: मेमरीला पूरक म्हणून वापरली जाणारी पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, सिस्टीम रिस्टोअरचे साठे आणि एनटीएफएसच्या मुख्य नोंदवहीचे काही भाग. यांपैकी एखादी फाइल पार्टिशनच्या शेवटाजवळ असेल, तर तिच्या अलीकडे हद्द आणता येत नाही. आड येणारी फाइल कोणती, हे इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन विभागात २५९ क्रमांकाच्या नोंदीत सापडते. हायबरनेशन, पेजफाइल आणि सिस्टीम रिस्टोअर तात्पुरते बंद करून संगणक रीस्टार्ट करावा आणि पुन्हा प्रयत्न करावा. बहुतेक वेळा आकडा चांगलाच वाढलेला दिसतो. रिस्टोअर बंद केल्याने जुने रिस्टोअर पॉइंट नाहीसे होतात, हे मात्र आधीच मान्य करावे. काम झाल्यावर पेजफाइल आणि रिस्टोअर पुन्हा चालू करावे.

एवढे करूनही जागा मिळत नसेल, तरच लाइव्ह पेन ड्राइव्हवरून, म्हणजे ज्यावरून लिनक्स न बसवताच चालवता येते अशा पेन ड्राइव्हवरून, जीपार्टेड वापरावे, कारण त्या वेळी विंडोज बंद असते आणि चालू असताना न हलणाऱ्या फाइलीही हलवता येतात. जीपार्टेडमध्ये ठरवलेले बदल लगेच होत नाहीत. ते खाली एका यादीत साठत जातात आणि ‘अप्लाय’ केल्यावरच अमलात येतात. ही यादी ओळीने वाचण्याइतका वेळ जरूर घ्यावा. त्यानंतर विंडोज पहिल्यांदा सुरू होताना आपणहून डिस्कची तपासणी करते आणि ती मध्येच थांबवू नये.

पार्टिशनची उजवी हद्द अलीकडे आणणे आणि डावी हद्द सरकवणे ही दोन अगदी वेगळी कामे आहेत. उजवीकडून कापताना फक्त शेवटच्या भागातल्या फाइली हलतात. डावी हद्द सरकवायची तर सहसा पार्टिशनमधला सगळा डेटा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी लिहावा लागतो, त्याला कित्येक तास लागू शकतात, आणि मध्येच वीज गेली तर अर्धा डेटा जुन्या जागी आणि अर्धा नव्या जागी अशी स्थिती होते. मोकळी जागा दिसायला नीटनेटकी असावी एवढ्यासाठी असे काही करू नये. ती सी ड्राइव्ह आणि रिकव्हरी पार्टिशन यांच्या मध्ये राहिली तरी लिनक्सला काहीच फरक पडत नाही.

मोकळी झालेली जागा ‘अनॲलोकेटेड’, म्हणजे कोणत्याही पार्टिशनला न दिलेली, अशीच ठेवावी. तिथे नवा ड्राइव्ह तयार करू नये. जुन्या एमबीआर डिस्कवर चार पार्टिशने आधीच असतील तर ही चूक विशेष महागात पडते, कारण पाचवे तयार करायला गेल्यावर विंडोज संपूर्ण डिस्क ‘डायनॅमिक’ करण्याविषयी विचारते, आणि त्याला होकार दिला की लिनक्स बसवणे फार अवघड होऊन बसते.

इन्स्टॉलेशन आणि त्यानंतर

जागा मोकळी केल्यावर त्याच बैठकीत लिनक्स बसवू नये. आधी विंडोज एक-दोनदा रीस्टार्ट करावी, सी ड्राइव्हचा नवा आकार बरोबर आहे का, फाइली उघडतात का हे पाहावे. बिघाड असेल तर तो आताच कळतो आणि कारणही स्पष्ट असते.

पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरू करताना विंडोज ज्या पद्धतीने सुरू होते, तीच पद्धत निवडावी. विंडोज यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होत असेल तर पेन ड्राइव्हही यूईएफआयनेच सुरू करावा. इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नसेल, तर बहुधा संगणकाच्या सेटिंगमध्ये स्टोअरेज (डिस्क हाताळण्याची पद्धत) रेड किंवा आरएसटीवर असते. ते एएचसीआय या साध्या पद्धतीवर न्यावे लागते, पण विंडोजची आधी तयारी न करता तो बदल केला तर विंडोज सुरू होत नाही. त्यामुळे आपल्या संगणकाच्या मॉडेलसाठीची पद्धत वाचूनच पुढे जावे.

पार्टिशन निवडण्याच्या पडद्यावर ‘संपूर्ण डिस्क पुसा’ आणि ‘शेजारी बसवा’ हे पर्याय एकाखाली एक असतात. मोकळी जागा स्वतः निवडायची असेल तर हाताने पार्टिशन करण्याचा पर्याय घ्यावा, ईएक्सटी४ फक्त त्या अनॲलोकेटेड जागेत तयार करावे आणि विंडोजचे ईएफआय पार्टिशन लिनक्सलाही वापरू द्यावे, पण त्यासमोरची फॉरमॅटची खूण काढलेली आहे याची खात्री करून घ्यावी. लिनक्स त्यात आपला वेगळा फोल्डर तयार करते. फॉरमॅट केले तर विंडोज सुरू करणारा तिचा बूटलोडरच नाहीसा होतो.

लिनक्स बसल्यावर ग्रबच्या, म्हणजे सुरू करायची ऑपरेटिंग सिस्टीम निवडू देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेनूत विंडोज दिसली नाही, तर ती पुसली गेली असे समजून घाबरू नये. २०२१ साली आलेल्या ग्रब २.०६ पासून इतर ऑपरेटिंग सिस्टीम शोधणारा भाग मुळातच बंद ठेवलेला असतो आणि उबुंटूसारखी लिनक्सची जी वितरणे आहेत ती सर्वच तो चालू करून देत नाहीत. संगणकाच्या स्वतःच्या बूट मेनूतून विंडोज सुरू करता येते आणि तो भाग नंतर चालू करता येतो.

पुढे कधी लिनक्सचे पार्टिशन लहान करायची वेळ आली, तर ईएक्सटी४ वापरात असताना मोठे करता येते, पण लहान करण्यासाठी लाइव्ह पेन ड्राइव्हवरूनच काम करावे लागते. बीटीआरएफएस ही लिनक्सची दुसरी फाइल सिस्टीम चालू असतानाही लहान होते. एक्सएफएस ही तिसरी मोठी होते, लहान करण्याची वापरण्याजोगी सोय त्यात नाही. म्हणून पुढे जागा परत घ्यावी लागण्याची शक्यता असेल, तर सुरुवातीलाच ते निवडू नये.

आणि बदल चालू असताना वीज गेली किंवा पार्टिशन दिसेनासे झाले, तर त्या डिस्कवर आणखी काहीही लिहू नये. विंडोज ‘फॉरमॅट करायचे का’ असे विचारेल, त्याला नकार द्यावा. फक्त टेबलमधली नोंद गेली असेल तर आतली फाइल सिस्टीम बहुधा शाबूत असते, आणि टेस्टडिस्क हा प्रोग्रॅम डिस्क धुंडाळून जुन्या हद्दी शोधून देऊ शकतो. जीपीटीचे पहिले टेबल खराब झाले असेल तर शेवटची प्रतही कामी येते. मात्र कोणतीही दुरुस्ती करण्याआधी संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी आणि दुरुस्तीचे प्रयोग त्या प्रतीवर करावेत.